पणजोबांचा माग काढायचाय? आडनाव सोडा, जमिनीचा नंबर धरा

श्राद्धाला गुरुजी तीन पिढ्यांची नावं विचारतात. वडील, आजोबा धडाधड सांगून होतात आणि पणजोबांपाशी बहुतेक घरांत कुणीतरी आत जाऊन थोरल्या काकूंना विचारून येतं. त्याच्या मागचं तर कुणालाच माहीत नसतं, फार तर "आपण मूळचे अमक्या गावचे, दुष्काळात इकडं आलो" एवढं एक वाक्य शिल्लक असतं. पण आपल्याकडं अगदी साध्या शेतकऱ्याचा, कुळाचा, बलुतेदाराचासुद्धा माग शंभर वर्षं तरी मागे सरकारी कागदांत लागू शकतो, आणि नशीब चांगलं असेल तर त्याच्याही मागे. ते कागद कुठल्या ऑफिसात आहेत आणि कशाच्या आधारानं मागायचे एवढंच कळायला हवं. मी स्वतः आजोबांच्या आजोबांचा शोध घेताना जे शिकलो ते सगळं इथं लिहितोय.

सगळ्यात आधी आडनावाचा नाद सोडा. नेटवर आडनाव टाकलं की कुळी, वंश, गोत्र, मूळ पुरुष कुठून आला वगैरे ढिगानं मिळतं, त्यात तुमचा पणजा सापडत नाही. जुन्या कागदांत बरेचदा आडनाव नसतंच, "राणू बिन धोंडी", म्हणजे धोंडीचा मुलगा राणू, एवढंच असतं, आणि पुढं आडनाव लागलं ते कधी गावावरून, कधी धंद्यावरून, कधी शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलं ते. सख्ख्या भावांच्या पोरांची आडनावं वेगवेगळी झालेली घरं कितीतरी आहेत. त्यामुळं माणूस पक्का करायचा असेल तर तीन गोष्टी धरायच्या, गाव, बापाचं नाव आणि जमिनीचा सर्व्हे नंबर. माणसं मरतात, नावं बदलतात, पण जमीन जागची हलत नाही आणि तिच्यावर कोणाकोणाची नावं चढली उतरली हे सरकारनं सारा वसूल करायला का होईना पण लिहून ठेवलंय.

घरातली कपाटं आणि घरातली म्हातारी माणसं

ऑफिसला जायच्या आधी घरातल्या ट्रंका उघडा. सगळ्यात मोठा खजिना म्हणजे कुणाची तरी जात पडताळणीची फाईल. चुलत्याच्या पोराचं ॲडमिशन असो नाहीतर आत्याची नोकरी, व्हॅलिडिटी म्हणजे जात वैधतेचा दाखला काढताना वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि जुने पुरावे जोडावे लागतात, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. म्हणजे ज्यानं कुणी ही फाईल केली त्यानं अर्धं काम आधीच करून ठेवलेलं असतं, आजोबांच्या शाळेचा उतारा, पणजोबांचा फेरफार (जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद), सगळं एका जागी. ती फाईल कुणाकडं आहे ते भावकीत विचारा आणि तिचे फोटो काढून घ्या. त्याशिवाय जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं, साऱ्याच्या पावत्या, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका. आणि ज्या घरात पितृपक्षात महालय होतो तिथं बहुतेक वेळा एका वहीत किंवा पुठ्ठ्यावर नावांची यादी असते, तिच्यात बापाकडचीच नाही तर आईकडची, मावशी आत्या सासरे मेव्हणे अशी सगळी गेलेली माणसं नावानिशी असतात. ही यादी फार मोलाची, कारण बायकांची नावं एवढ्या संख्येनं दुसऱ्या कुठल्याच घरगुती कागदात मिळत नाहीत.

म्हाताऱ्या माणसांना "वंशावळ सांगा" असं विचारलं की ती गप्प बसतात, त्यांना वाटतं काहीतरी परीक्षा आहे. त्यापेक्षा असं विचारा की आपण सुतक कुणाकुणाचं धरतो? दहा दिवसांचं कुणाचं आणि नुसती आंघोळ कुणाची? यातून रक्ताची भावकी कोण आणि नुसते एका आडनावाचे कोण हे लगेच सुटं होतं. वाटणी कधी झाली, कोण कुठल्या वाड्यात गेलं, कुलदैवत कुठलं, लग्नात देवक कशाचं, आजीचं माहेर कुठलं आणि माहेरचं नाव काय, कोण दत्तक आलं, कोण घर सोडून मुंबईला गेलं ते परत आलंच नाही. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, मध्ये टोकू नका, आणि त्यांनी सांगितलेले सालांचे आकडे धरून बसू नका. त्यांच्या काळाच्या खऱ्या खुणा अशा असतात, प्लेगच्या आधी, मानमोडीत, गांधीवधाच्या साली, कोयनेच्या भूकंपाला. या घटनांची सालं आपल्याला काढता येतात, मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा, भूकंप डिसेंबर १९६७ चा, आपण फक्त जुळवून घ्यायची.

जमिनीचा कागद

आता मुख्य काम. आजचा सातबारा काढा. त्याच्यावर नावांच्या बाजूला कंसात किंवा गोलात जे आकडे असतात ते फेरफार नंबर. प्रत्येक फेरफार म्हणजे त्या जमिनीवर एक नाव कधी आणि का बदललं त्याची हकीकत, गाव नमुना सहा. वारसाचा फेरफार असेल तर त्यात लिहिलेलं असतं की अमुक खातेदार अमुक तारखेला मयत, त्यास वारस पत्नी अमकी, मुलगे अमके, मुली अमक्या, आणि मुली लग्न झालेल्या असतील तर कधीकधी सासरच्या नावासकट. एका फेरफारात एक अख्खी पिढी मिळते. त्यात ज्याचं नाव कमी झालं त्याचं नाव कुठल्या फेरफारानं आलं होतं ते बघायचं, तो काढायचा, परत मागे. असं करत करत तुम्ही हक्कनोंदणीच्या सुरुवातीपर्यंत जाता. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा पहिला कायदा १९०३ चा, आणि १९१३ नंतर ती गावोगाव पसरत गेली. त्या पहिल्यावहिल्या नोंदींत जो माणूस खातेदार आहे तो साधारण १८६० ते १८८० च्या आसपास जन्मलेला असू शकतो आणि त्याच्या नावापुढं बापाचं नाव आहे, म्हणजे बघा किती मागे गेलात.

एकाच गोष्टीला इथं लोक फसतात, ती म्हणजे गट नंबर. आज सातबाऱ्यावर गट नंबर असतो पण १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा गावात लागू होऊन योजना राबवली गेली त्याच्या आधी तिथं सर्व्हे नंबर होते, हिस्से होते, आणि जुने सगळे कागद त्याच नंबरांवर आहेत. तुम्ही गट नंबर सांगून १९३० चा फेरफार मागितला तर "सापडत नाही" एवढंच उत्तर मिळणार. आधी भूमी अभिलेख खात्याच्या तालुका ऑफिसातून एकत्रीकरणाचा नऊ तीन नऊ चारचा उतारा काढा, त्यावर जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट यांचा मेळ असतो. कोकणात बऱ्याच गावांत एकत्रीकरण झालंच नाही, तिथं हा त्रास नाही पण हिस्से इतके बारीक की डोकं चक्रावतं.

जुने कागद तलाठ्याकडं नसतात, तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. साधा नक्कल अर्ज, त्यावर कोर्ट फी तिकीट, गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि साधारण कालावधी. "आमच्या पणजोबांचे सगळे कागद द्या" असा अर्ज कधीच करू नका, नंबर लिहा. त्याच्या आधी घरबसल्या आपले अभिलेख नावाचं सरकारी पोर्टल बघा, बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार, जुने सातबारे, जन्ममृत्यूची रजिस्टरं स्कॅन करून तिथं टाकलेली आहेत. अक्षर वाचायला वेळ लागतो पण दोनचार पानं झाली की तोच तो तलाठी आणि त्याचं वळण ओळखीचं होतं.

कागदातल्या खुणा लक्षात ठेवा. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, वल्लद म्हणजे पण तेच, कोम म्हणजे अमक्याची बायको, भ्रतार म्हणजे नवरा. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणजे मुलगा तेव्हा लहान होता आणि आई किंवा चुलता त्याच्या वतीनं नावाला होते, यावरून त्याच्या वयाचा अंदाज बांधता येतो. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, इथं एकाचं नाव असलं तरी मागं चारपाच भाऊ असू शकतात, त्यामुळं बाकीचे भाऊ नव्हतेच असं समजू नका. आणि वारस फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नाही. माणूस मेल्यावर दहापंधरा वर्षांनी कुणाला तरी कर्ज काढायचं असतं तेव्हा वारस नोंद होते, आणि बापाआधी किंवा मधल्या काळात गेलेला एखादा मुलगा त्यात बरेचदा येतच नाही.

जमीन नव्हती असं म्हणणाऱ्यांनी पण इथं थांबू नका. पणजोबा कूळ असतील तर सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांच्या रकान्यात नाव असेल, आणि १९४८ च्या कूळ कायद्याखाली १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर (त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं) कलम ३२ गच्या ज्या चौकश्या झाल्या त्यांच्या फायलींत कुळाचा जबाब असतो, किती वर्षं कसतोय, बाप कसायचा का, सगळं त्याच्या तोंडून. माझ्या मते कुठल्याही सरकारी कागदात आपल्या पूर्वजाचा आवाज सगळ्यात जवळून ऐकू येतो तो इथं. वतनदार असेल तर वतनाचे कागद बघा, पाटील कुलकर्ण्यांचेच नाही तर महार, रामोशी यांच्या वतनांचेसुद्धा. कामगिरीची पाळी कुणाची यासाठी हिस्सेदारांची नावं लिहावी लागत. ही कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली, पण जमिनींवर सहा बचा शेरा, म्हणजे जुन्या वतनाची खूण, अजून दिसतो आणि त्याच्या मागं रिग्रँटची, म्हणजे जमीन परत दिल्याची, फाईल असते. गाव धरणात गेलं असेल, उजनी कोयना वगैरे, तर भूसंपादनाचा निवाडा मागा, त्यात जमीन पाण्याखाली गेलेल्या खातेदारांची नावं असतात.

कोतवाल बुक आणि शाळा

गाव नमुना चौदा, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातले जन्म आणि मृत्यू लिहिलेले असायचे. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, बापाचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढंच, त्यामुळं आजोबांच्या नावानं शोधाल तर काही मिळणार नाही, पणजोबांच्या नावानं शोधा. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण असतं, ताप, पटकी, देवी, प्लेग. १९१८ च्या शेवटच्या महिन्यांची पानं जिथं शाबूत आहेत तिथं ती बघताना मन घट्ट करावं लागतं, एकाच घरातली तीन तीन नावं एका आठवड्यात ओळीनं आलेली दिसतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्तानं कुणबी नोंदींसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत हीच रजिस्टरं उघडली गेली आणि नोंदी असलेली पानं बऱ्याच जिल्ह्यांच्या वेबसाईटवर गाववार चढवली गेलीत. तुम्हाला दाखला काढायचा असो वा नसो, तुमच्या गावाचं नाव असेल तर एकदा उघडून बघा.

शाळेतलं जनरल रजिस्टर जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेत हेडमास्तरांच्या कपाटात असतं आणि काही शाळांची रजिस्टरं थेट १८७०-८० पर्यंत जातात. नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल कधी, शाळा सोडली कधी आणि का. कारणाचा रकाना वाचाच, "गुरे राखण्यास", "परगावी गेला", "गैरहजर". जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी अंदाजानं घातलेली आहे असं समजून चाला.

क्षेत्रोपाध्यांच्या वह्या

सरकारी कागद जिथं संपतात तिथून पुढं नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, प्रयाग इथल्या तीर्थोपाध्यांच्या चोपड्या उपयोगाला येतात. गावं आणि जाती वाटून घेतलेल्या असतात, म्हणजे तुमच्या गावाचे उपाध्ये ठरलेले असतात, ते शोधायचे. नाशिकला रामकुंडावर जाऊन जात, गाव आणि आडनाव सांगितलं की तिथलेच लोक सांगतात कुणाकडं जायचं. वहीत आलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं किंवा गुरुजींनी त्याच्या सांगण्यावरून लिहिलेलं असतं, नाव, बाप, आजा, भाऊ, मुलं, तारीख आणि बहुधा कशासाठी आला ते. अस्थी घेऊन आलेला असेल तर बाप किंवा आई त्याच्या थोड्याच दिवस आधी गेली हे कळतं, आणि ज्या काळात मृत्यूची दुसरी कुठलीच नोंद नाही त्या काळासाठी हा पुरावा सोन्यासारखा. जुनी पानं मोडी लिपीत असतात, गुरुजींना वाचता येतातच असं नाही, त्यामुळं विनंती करून फोटो घ्या. सिंहस्थात किंवा पितृपक्षाच्या गर्दीत जाऊ नका, त्यांना वेळ नसतो. दक्षिणा मनापासून द्या आणि येताना आपली आजची नोंद करून या, त्यात मुलींची आणि सुनांची नावं माहेरच्या नावासकट घाला. हरिद्वारच्या पंड्यांच्या पुष्कळ वह्यांची मायक्रोफिल्म झालेली आहे आणि फॅमिली सर्च या साईटवर त्यातलं बरंचसं बघता येतं.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातल्या लोकांनी हेळव्यांना, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी चोपडीत ठेवून गावोगाव फिरणाऱ्यांना, विसरू नये. सुगी झाल्यावर काही वर्षांच्या अंतरानं ते येतात आणि चोपडी उघडून घराण्याची नावं वाचून दाखवतात. पुढच्या वेळी आले की नुसतं धान्य पैसे देऊन वाटेला लावू नका, बसवा, चहा द्या, अख्खी शाखा वाचून घ्या आणि रेकॉर्ड करा. सगळ्यात वरची चारदोन नावं कधीकधी कथेतली असतात, पण खालच्या सहासात पिढ्या फेरफारांशी ताडून बघितल्या तर बऱ्याच जुळतात.

मोडी, सालं आणि दफ्तरखाना

१८५० च्या मागं जायचं तर मोडी पाहिजेच. पुराभिलेख खातं मोडीचे छोटे वर्ग घेतं, तिथं मूळ कागद हाताळायला मिळतात. सगळं वाचायला शिकण्याच्या मागं न लागता आधी आपल्या गावाचं नाव, परगण्याचं नाव, आडनाव आणि बिन हे शब्द मोडीत ओळखायला शिका, पानावरून नजर फिरवताना तेवढे दिसले की मग पुढचं जाणकाराकडून वाचून घेता येतं. पुण्याचं पुराभिलेखागार १८९१ चं, तिथं पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, आणि इनाम कमिशनचे कागद. हे कमिशन १८५२ च्या कायद्यानं बसलं आणि ज्यांच्याकडं इनाम होतं त्यांना ते कधी, कुणी, कुणाला दिलं आणि आजचा धनी त्याचा कोण लागतो हे कैफियतीत, म्हणजे लेखी निवेदनात, सांगावं लागलं, म्हणजे वंशावळच. घराण्यात देवस्थानाची, जोशीपणाची, पाटिलकीची अशी कुठलीही इनाम जमीन होती का ते आधी सातबाऱ्यावरून ठरवा, असेल तरच पुण्याला खेप घाला.

सालांचा हिशोब असा की शक असेल तर ७८ मिळवा, पौष ते फाल्गुनात बहुधा ७९. सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली एक कालगणना) असेल तर ५९९ किंवा ६००, आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहितात, इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे सुहूर ११६१, म्हणजे पानिपतचं साल १७६०-६१. फसली, म्हणजे सारावसुलीच्या सालाला, ५९० मिळवा. मराठवाड्यात निजामाच्या काळाचे कागद उर्दूत आणि फसली सालात असतात, तिथं १९५४-५५ च्या खासरा पत्रकापासून (गावातल्या जमिनी आणि धारकांची यादी) सुरुवात केलेली बरी आणि मग उर्दू वाचणारा माणूस सोबत घ्यावा. नागपूरकडं बंदोबस्ताची मिसल (सारा ठरवतानाची फाईल) आणि अधिकार अभिलेख (हक्कनोंदणीचा कागद) मागा. गोव्यातून आलेल्या घराण्यांनी पणजीचं पुराभिलेखागार आणि कुलदेवतेच्या देवळातली महाजनांची, म्हणजे देवळाच्या मानकरी घराण्यांची, यादी बघावी. जिल्हे बदलल्याचं पण लक्षात ठेवा, सिंधुदुर्गचे जुने कागद रत्नागिरीच्या नावानं असतील, लातूरचे उस्मानाबादच्या, जळगाव धुळ्याचे १९०६ च्या आधी एकत्र खानदेशच्या. जनगणनेच्या मागं मात्र लागू नका, आपल्याकडं माणसागणिक नोंदी बघायला मिळत नाहीत.

पूर्वज पलटणीत होता आणि महायुद्धात गेला असं घरात बोलत असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साईटवर शोधा, बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गाव जिल्हा दिलेला असतो. इंग्रजी स्पेलिंग चारपाच तऱ्हेनं टाकून बघा. बोटीनं मॉरिशसला गेलेल्यांची कागदपत्रं तिथं मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, त्यात बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरच्या खुणा, आणि पुढच्या काळातल्या पुष्कळांचे फोटोसुद्धा.

जुळवताना घाई करू नका. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असल्यामुळं "धोंडी बिन राणू" आणि "राणू बिन धोंडी" आलटून पालटून चार पिढ्या येतात आणि दोन पिढ्या एक होऊन जातात. दोन वेगळे कागद एकच गोष्ट सांगत असतील तरच नाव पक्कं धरा, नाहीतर पेन्सिलनं लिहा. प्रत्येक नावासमोर कागद कुठला, गाव, नंबर, साल हे त्याच दिवशी लिहा. बायकांसाठी माहेरच्या गावाचं कोतवाल बुक आणि माहेरच्या जमिनीचे वारस फेरफार बघा, १९५६ च्या वारसा कायद्यानंतर तिथं लेकीबाळींची नावं जास्त दिसतात, आणि हक्कसोडपत्रात तर त्यांची सही किंवा अंगठासुद्धा.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी भावकीत दोन जबाबदार माणसांना सांगून ठेवा की आपण काय करतोय. १९३० चे फेरफार कुणी काढायला लागलं की गावात पहिला संशय जमिनीच्या हिश्श्याचाच येतो, तलाठ्याकडून बातमी फुटते आणि मग ज्या चुलत्याकडून सगळ्यात जास्त माहिती मिळणार असते तोच तोंड बंद करतो. काढलेल्या नकलांचा एक संच त्यांना नेऊन द्या, सोबत बसून वाचा. बहुतेक वेळा वाचता वाचता तेच म्हणतात, थांब, माझ्याकडं पण एक ट्रंक आहे.